दुसरे वर्ष, दुसऱ्यांदा

आमच्या घराला स्वतःचा असा वास नव्हता. घरामागच्या आमच्याच शेतात दोन गोडाऊन उभी होती आणि त्यांत जो माल उतरेल त्याचा वास आम्ही महिनोन्महिने अंगावर वागवीत असू. टायरचा भाडेकरू होता तेव्हा आईच्या तांदळाच्या भाकरीला रबराची चव येई. साबणाच्या भुकटीचा भाडेकरू आला तेव्हा खाडीतल्या निवट्या माशांच्या कालवणातून लिंबाचा खोटा सुगंध उठू लागला आणि माझी काकू, जिला कोणत्याही गोष्टीवर मत देण्याची घाई असे, म्हणाली, "बरा झाला, भांडी घासायला नको." पहाटेपासून कंटेनर मागे घेताना वाजणारा एकसुरी भोंगा, शटर वर जातानाचा खडखडाट, चालकांची हिंदी आणि या सगळ्यावर ताण करणारा काकांचा आवाज: "आने दो, आने दो, आने दो, बस!" वळ या आमच्या गावातल्या पुष्कळ घरांप्रमाणे आमच्याकडेही सातबारा होता, नांगर नव्हता. बाबा दिवसभर गोडाऊनच्या दारात प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून असत. काय करत असत, हे मला आजही सांगता येणार नाही. त्यांचे धाकटे भाऊ, म्हणजे माझे काका, मालाची आवक-जावक पाहत आणि किल्ल्यांचा जुडगा कमरेला लावून गावभर मिरवत. या दोघांविषयी माझ्या मनात तेव्हा जे होते त्याला तुच्छता हाच शब्द आहे. त्याहून सौम्य शब्द शोधण्याचे श्रम मी या प्रकरणात घेणार नाही.

आमच्या घरात जगातील प्रत्येक वस्तू 'माल' होती. लग्नाला आलेले स्थळ, निवडणुकीला उभा राहिलेला उमेदवार, बाजारातली कोळंबी, सगळ्यांचे मोजमाप एकाच परिभाषेत होई: माल कसा हाय, हालतो का, पडून हाय? मी रसायनशास्त्राची विद्यार्थिनी होते. द्रव्य या शब्दाची काटेकोर व्याख्या मला पाठ होती आणि ती पाठ असल्याबद्दल मी स्वतःला बरीच मोठी समजत होते.

कॉलेज शहरात होते. गावाजवळच्या मानकोलीहून एक शेअर रिक्षा, धामणकर नाक्यावर दुसरी. तिथे रिक्षा बदलताना मागच्या गल्लीतल्या कापडाच्या लूमचा खटखटाट तळपायांतून वर चढे. तो मला आवडे, कारण माझ्या मार्गावर प्रामाणिकपणे चाललेले काम तेवढे एकच होते. कॉलेजविषयी असे म्हणता येणार नाही. आमच्या प्रयोगशाळेतल्या नळांना आठवड्यातून दोन दिवस पाणी असे, बर्नरला गॅस एक दिवस. ब्युरेट म्हणजे थेंबाथेंबाने द्रावण सोडणारी ती काचेची मोजनळी. तिच्या तोट्या इतक्या गळक्या होत्या की मोजमाप सुरू करण्यापूर्वीच निम्मे आम्ल टेबलावर उतरलेले असे. त्यामुळे प्रात्यक्षिकाच्या तासाला एक रीत पडून गेली होती. प्रयोगशाळेचे शिपाई मामा दारातूनच पुकारत, "आजचं रीडिंग नऊ पॉइंट आठ!" आणि साठ मुले एका वेळी आपापल्या जर्नलमध्ये नऊ पॉइंट आठ लिहीत. एकदा वही ओली झाल्यामुळे एका मुलाला लिहिलेला आकडा दिसेना, त्याने विचारले, "मामा, किती बोललात?" मामा म्हणाले, "अरे, सायन्सचा ना तू? बाजूच्याचं बघ की!" प्राध्यापक हे सर्व पाहत आणि खिडकीबाहेर बघत. माझे जर्नल मात्र आदर्श म्हणून वर्गात फिरवले जाई. मोत्यासारखे अक्षर, पट्टीने आखलेल्या आकृत्या, खाडाखोडीचा लवलेश नाही. दुसऱ्या वर्षाच्या निकालात मी कॉलेजात पहिली आले आणि त्याच आठवड्यात ठरवले की, या इमारतीत तिसरे वर्ष काढायचे नाही.

एका विद्यापीठातून दुसऱ्यात, मध्येच, जाता येते ही गोष्ट घरात कोणाच्याही आकलनात बसेना. बाबांनी दोनदा विचारले, "म्हंजे चालती गाडी बदलायची?" मी सांगितले की, होय, आपले श्रेयांक, म्हणजे आजवर पास केलेल्या विषयांचे वजन, नवे विद्यापीठ मोजून घेते आणि त्याप्रमाणे वर्ष देते. काका तत्काळ म्हणाले, "म्हंजे मालाचा ट्रान्सफर. वजनकाट्यावर घट निघली तर?" अशा प्रश्नांना उत्तर न देणे हा माझा त्या काळातला शिरस्ता होता. मी दोन ठिकाणी अर्ज केले होते आणि दोन्हींकडून भेटीला बोलावणे आले होते. एक होते महामार्गावरचे नवे खासगी विद्यापीठ, ज्याला दर्शनी भिंतींवरून काकूने काचेवाला असे नाव दिले. दुसरे होते घाटावरचे जुने, सरकारी. त्याचे नाव नुसते घाटावरचा. हीच नावे मी इथे ठेवते. खरी नावे त्यांना शोभतही नव्हती.

काचेवाल्याकडे बाबा, काका आणि मी काकांच्या गाडीतून गेलो. दारात कोट घातलेल्या एका तरुणाने आमचे स्वागत केले, आंब्याचे थंड सरबत दिले आणि मला पुठ्ठ्याच्या एका चौकटीमागे उभे केले. चौकटीला शास्त्रज्ञाचा पांढरा कोट रंगवलेला होता आणि मुंडके घालण्यापुरते भोक होते. फोटो निघाला. बाबा हरखले. "मॅम, टेन्शनच नाही," तो तरुण म्हणाला, "तुमचे सगळे क्रेडिट्स आम्ही घेतो. सगळे म्हणजे सगळे. डायरेक्ट थर्ड इयर. मानकोलीला बस येते, घरचं जेवण, घरची झोप." माझे एकही कागदपत्र त्याने अजून उघडले नव्हते. हे माझ्या लक्षात आले आणि मी ते बाजूला सारले. जिथे आपल्याला पूर्ण वजन मिळते तिथे काट्याची तपासणी करण्याचा मोह फारसा होत नाही.

मग त्याने प्रयोगशाळा दाखवली आणि मी, जी सरबतावर आणि पुठ्ठ्याच्या कोटावर मनातल्या मनात थुंकले होते, ती मी विरघळले. वायूंचे पृथक्करण करणारे यंत्र, वर्णपटमापक, नायट्रोजनची स्वतंत्र नळजोडणी: पुस्तकात पाहिलेली चित्रे मापासकट समोर उभी होती. मी भराभर प्रश्न विचारले. प्रश्न उत्तरांसाठी कमी आणि मला काय काय माहीत आहे हे दाखवण्यासाठी जास्त होते. तरुणाने प्रत्येक प्रश्नाला "ऑफ कोर्स, मॅम" म्हटले आणि मी समाधानाने यंत्रांची मॉडेल वहीत उतरवून घेतली. काका हात मागे बांधून एका कोपऱ्यात उभे होते आणि जमिनीकडे पाहत होते. मला त्यांची लाज वाटत होती. त्यांनी चपला बाहेर काढल्या होत्या; तशी कोणी सूचना केली नव्हती.

परतताना गाडीत ते म्हणाले, "पोरी, तो माल हालला न्हाय."

"कुठला माल?"

"त्या मशिनी. पडद्यावरचा प्लास्टिक कोणी काढला न्हाय. खाली चारी कोपऱ्यांना पॅकिंगचे लाकडी ठोकले तसेच हायत. त्या लॉगबुकाची दोरी पन कडक हाय अजून."

"तुम्ही तिथं हे बघत होता?"

"गोडाऊनात गेल्यावर मालाकडं बघायचा नसतो. माल काय, कोणीबी रचून ठेवतो. जमिनीकडं बघायचा. जिथं माल हालतो तिथं लादी काली पडते. तिथं मशिनीम्होरं लादी बग, आरसा हाय आरसा. मानसाचा पायच लागला न्हाय."

निरीक्षण, नोंद, निष्कर्ष ही विज्ञानाची पद्धत मी शाळेपासून घोकत आले होते आणि त्यातली पहिली पायरी दहावी नापास माणसाने माझ्यासमोर चढून दाखवली होती. मी वहीत मॉडेल लिहीत होते. त्याने लादी वाचली होती. त्या क्षणी काकांविषयी मला आदर वाटू लागणे योग्य ठरले असते, आणि कदाचित वाटलाही असता, पण लगेच ते बाबांना म्हणाले, "म्हून म्हनतो दादा, हितंच घाला पोरीला. सगला कोरा माल. हिचाच हात पैला लागल. नशीब लागतं त्याला." बाबांनी मान हलवली. पुरावा अचूक, अनुमान शंभर टक्के उलटे. अशा माणसांना तुच्छ लेखण्याचे सुख मला त्यांनी पुन्हा बहाल केले, आणि मी ते मानकोलीपर्यंत मनसोक्त उपभोगले.

घाटावरच्या विद्यापीठात सरबत नव्हते. विभागाबाहेर एक बाक होता, त्यावर आम्ही दीड तास बसलो. आत गेल्यावर विभागप्रमुख बाईंनी मला बसा म्हटले आणि बाबा-काकांना, अत्यंत सौजन्याने, बाहेर थांबायला सांगितले. त्यांच्या खोलीला लागूनच असलेल्या प्रयोगशाळेची जमीन डागांनी भरलेली होती. काकांनी बाहेर जाण्याआधी तिच्या दारातून एक नजर टाकली आणि माझ्या कानात म्हणाले, "माल हालतो, पन माल जुना." बाईंनी माझी गुणपत्रिका बाजूला ठेवली, जर्नल मागितले आणि वाचू लागल्या. जर्नल कोणी खरोखर वाचते हे मी त्या दिवशी प्रथमच पाहिले. मी माझ्या अक्षराचे कौतुक ऐकण्याच्या तयारीत होते.

"हे प्रयोग तुम्ही स्वतः केलेत?"

"हो, मॅडम."

"प्रत्येक टायट्रेशनला ब्युरेटची तीन वाचने घेतलीत?"

"हो."

"नऊ पूर्णांक आठ, नऊ पूर्णांक आठ, नऊ पूर्णांक आठ." त्यांनी पान उलटले. "बारा पूर्णांक दोन, तीनदा. सात पूर्णांक सहा, तीनदा. वर्षभर. मी तीस वर्षे ब्युरेट हाताळते आहे. माझा हात दर वेळी थेंब-दोन थेंब इकडेतिकडे जातो. तुमचा नाही जात?"

मी सांगू पाहिले की, आमच्या कॉलेजात पाणी नव्हते, तोट्या गळत होत्या, मामा आकडे पुकारत, सगळेच असे लिहीत. हे सर्व खरे होते आणि मी ते इतक्या स्वच्छ, तर्कशुद्ध क्रमाने सांगितले की माझे मलाच कौतुक वाटले. बाईंनी शेवटपर्यंत ऐकले.

"बाकीच्या मुलांनी मामांचे आकडे लिहिले," त्या म्हणाल्या, "आणि तुम्हीही तेच लिहिलेत. फक्त तुमचे अक्षर चांगले आहे. या दोन गोष्टींत मला फरक काय दिसायला हवा?"

त्या पुढे शांतपणे म्हणाल्या की, लेखी विषयांचे श्रेयांक त्या पूर्ण देतील, प्रात्यक्षिकांचा एकही देणार नाहीत. तिसऱ्या वर्षात बसायचे असेल तर इथे येऊ नये. यायचे असेल तर दुसरे वर्ष पुन्हा, आणि सोमवारपर्यंत कळवावे. आज मी स्वतः उमेदवारांच्या मुलाखती घेते. त्यांच्या वहीत मी प्रथम खाडाखोड शोधते, आणि ती न सापडल्यास माझा पुढचा प्रश्न काय असतो हे आमच्या संस्थेत आता सर्वांना ठाऊक आहे. तो प्रश्न विचारताना मला मजा येते, हेही कबूल करायला हवे. बाईंना येत नव्हती.

सोमवारपर्यंतच्या त्या दोन दिवसांत आमच्या घरात जे चालले त्याला चर्चा म्हणणे हा शब्दाचा अपमान ठरेल. काचेवाला सगळे वजन देतो, घाटावरचा एक वर्ष कापतो. गोडाऊनच्या गणितात याहून सोपे उदाहरण नव्हते. आईने विचार लग्नाच्या अंगाने केला आणि वर्षागणिक स्थळे कशी मागे सरतात ते बोटांवर मोजून दाखवले. काकांनी विचार ट्रकच्या अंगाने केला: "भरलेली गाडी परत खाली करून परत भरायची? ड्रायव्हर येडा हाय का?" बाबा सुकट भाजल्याच्या धुरात डोळे चोळत बसले होते. आणि मी? मला वर्षाची फिकीर नव्हती, असे लिहायला आवडले असते. ते खोटे ठरेल. दुसऱ्या वर्षाच्या वर्गात, माझ्याहून वर्षभराने लहान मुलांमध्ये, पुन्हा ब्युरेट धुण्यापासून सुरुवात करायची, या कल्पनेने मला अन्न गोड लागत नव्हते. मी कॉलेजात पहिली होते. वळ गावात माझ्याबद्दल माहीत असलेली ती एकमेव चांगली गोष्ट होती. काचेवाल्याकडे गेले असते तर ती शाबूत राहिली असती. मी तिसऱ्या वर्षातही पहिली आले असते, चौथ्या कुठल्या परीक्षेतही आले असते, आणि कोणत्याही यंत्राचे प्लास्टिक न काढता शास्त्रज्ञ म्हणून त्या पुठ्ठ्याच्या भोकातून आयुष्यभर मुंडके बाहेर काढून उभी राहिले असते. मला ती पूर्ण कारकीर्द डोळ्यांसमोर दिसत होती आणि ती यशस्वी होती, हा त्यातला सर्वांत किळसवाणा भाग होता.

रविवारी जेवताना मी म्हणाले, "मी घाटावर जाणार."

"पास झालेल्या वर्साला परत बसनार?" बाबांनी विचारले.

"मी पास झालेले नाही. मला पास केलेले आहे."

"गुनपत्रिका हाय ना घरात? पैला नंबर हाय ना तिच्यात?"

"बाबा, त्यातले प्रात्यक्षिकाचे सगळे आकडे मी न करता लिहिलेत."

मला वाटले, बाबा रागावतील. तसे झाले असते तर मला लढता आले असते. त्यांनी भाकरीचा तुकडा कालवणात बुडवला आणि म्हणाले, "मना ह्यातला काय कलत न्हाय. पन लोकांना काय सांगू? पोरगी पास झाली नि परत त्याच वर्गात बसली? लोक म्हनतील, डोक्यावर परिनाम झाला."

इथे काकू, जी आतापर्यंत मासे वाढण्यात गढलेली होती, म्हणाली, "त्यात काय? नापास झाली सांगा. नापासाचा लोकांना कलतो. आमच्या माहेरी निम्मा गाव नापास हाय."

सगळे हसले. बाबा हसले नाहीत. ते म्हणाले, "जा तू घाटावर. पन गावात काय सांगायचा ते मी ठरवनार. तू मधे बोलायचा न्हाय." मला जे हवे होते ते इतक्या स्वस्तात मिळाले म्हणून मी लगेच होकार दिला. माझी बुद्धी किती तल्लख होती याविषयी वर बरेच लिहिले आहे. त्या होकारात काय दडले आहे हे तिला दिसले नाही.

पंधरवड्याने चुलतभावाची हळद होती. आमच्याकडे हळद म्हणजे लग्नाहून मोठा कार्यक्रम. मांडवात हजार माणूस, बेंजो बँडचा आवाज छातीत घुमतो, मटणाच्या डेगी आणि एका बाजूला बायकांची गाणी. मी मांडवात शिरले आणि बेंजोच्या दणदणाटातही मला जाणवले की माझ्याकडे पाहणाऱ्या नजरा मऊ झालेल्या आहेत. दोन मावश्यांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला. एका वहिनीने मला सांगितले की, अमक्या देवीला नारळ बोल. शेजारच्या घरातली मुलगी, जी दहावीला तीन विषयांत अडकली होती, ती माझ्याकडे पाहून हसली, आपल्या माणसाकडे पाहून हसावे तशी, आणि सरकून तिने मला बसायला जागा दिली. तेव्हा मला उलगडा झाला. बाबांनी काकूचा सल्ला मानला होता. वळपासून मानकोलीपर्यंत मी नापास झालेली होते.

माझ्या अंगाची जी लाही झाली ती मी आजही मोजू शकते. मी उठले. गुणपत्रिकेचा फोटो माझ्या मोबाईलमध्ये होता, तो बाहेर काढून मांडवाच्या मध्यभागी उभे राहण्याची माझी पूर्ण तयारी होती. ज्या बायकांनी आयुष्यात एक रसायन ओळखले नव्हते त्यांनी माझी कीव करावी! तेवढ्यात बाबांची मोठी बहीण, माझी आत्या, हळदीने माखलेल्या हातांनी माझा हात धरून म्हणाली, "रडू नको गो पोरी. माजा मोठा तीनदा बसला, आज क्रेन चालवतो. कंच्या विषयात गेली?"

हाताच्या अंतरावर डेगीपाशी पाहुण्यांना वाढायला उभ्या असलेल्या बाबांनी हे ऐकले होते. त्यांच्या हातातला डाव तसाच थांबला. त्यांनी माझ्याकडे पाहिले. मी बोलले तर हजार माणसांसमोर खोटे ते पडणार होते, आणि ते मला अडवणार नव्हते, हेही त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होते. मी मोबाईल उघडला नाही. मात्र जे सांगितले ते त्यांच्यासाठी सांगितले असे म्हणण्याइतकी मी उदार नव्हते आणि नाही. प्रश्न नेमका होता आणि त्याचे नेमके उत्तर मला ठाऊक होते.

"प्रॅक्टिकलमध्ये, आत्या," मी म्हणाले. "प्रयोगात नापास झाले."

आत्याने माझा हात सोडला. तिच्या तोंडावर प्रथमच खरी काळजी उमटली.

"प्रयोगात?" ती म्हणाली. "अगो, प्रयोगात तर सगलीच पास होतान!"